आसगावचं लुगडं

रत्नाबाईनं एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ती ऐकायची नाही, हे जांभूळतळ्यात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आणि यंदा तिनं ठरवलं होतं, पाळपूजेच्या दिवशी नवी सून खोलीत कोंडायची नाही.

या घरची रीतच तशी. कार्तिकात हलकं, लवकर पिकणारं धान कापून झालं की तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पूजा. गावात नगरपंचायत आली, बँक आली, चौकात मोमोजची गाडी आली, तरी पाळीवरचा पहिला नारळ याच घराचा. कारण जंगल तोडून हे तळं बांधलं ते याच घराच्या पूर्वजांनी. पाळ दरसाल फुटायची, पाणी टिकायचं नाही. तेव्हा याच घरच्या सुनेनं आपल्या मनानं जलसमाधी घेतली, आणि मग कुठं पाणी थांबलं, असं गाव सांगतं. तीच आता तळ्यातली पाटलीणबाई. तिच्या नावानं घरच्या सुनेनं पायऱ्या उतरून पाण्यात घट सोडायचा. पण लग्नाला वरीस न झालेली सून असली तर तिनं त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. तिला मागच्या खोलीत बसवायचं आणि बाहेरून कडी लावायची.

रत्नाबाईलाही कोंडलं होतं. सासू चंद्रभागाबाईनं स्वतःच्या हातानं कडी लावली होती आणि ‘काहून’ म्हणून विचारलं तर एक शब्द बोलली नव्हती. बाहेर डफड्याचा आवाज, अख्खं गाव पाळीवर, आणि नवी नवरी अंधारात माशा मारत बसलेली. त्या दिवशी रत्नाबाई जी रडली, ती सासूला मनातून कधी माफ करू शकली नाही. म्हातारी जाऊन किती सालं झाली, तरी तिचं नाव निघालं की रत्नाबाईचं नाक मुरडायचंच.

म्हणून यंदा नवी सून रिता घट सोडणार होती. रत्नाबाईचे गुडघे कामातून गेलेले, पायऱ्या उतरायची सोय नव्हती. आणि यंदाची पूजा म्हणजे काही साधीसुधी नव्हती. वीरेंद्रनं, म्हणजे तिच्या मोठ्या लेकानं, रिताच्या नवऱ्यानं, राईस मिलच्या धंद्यातून वेळ काढून वर्षभर खटपट केली होती. पाळीवर काळ्या दगडाची शिळा बसवली होती. तिच्यावर गाव वसवणाऱ्या घराण्याचं नाव सोनेरी अक्षरात, आणि खाली एक ओळ: ‘या तळ्यासाठी ज्यांनी आपल्या घरची लक्ष्मी दिली.’ लाखनीचे, मोहाडीचे पाहुणे येणार होते. शिळेवरचा पडदा रत्नाबाईचा नवरा ताराचंद ओढणार, घट रिता सोडणार, तसं फ्लेक्सवर फोटोसकट छापलं होतं.

“आई, हे पदर राहूनच नाई राहिलं,” रिता आरशापुढं वैतागली होती. अंगावर मोहाडीच्या विणकराकडून आणलेली कोशाची रेशमी साडी. पोरगी लाखनीची, हायवेवरच्या दुकानदाराची. बी.कॉम. झालेली. बोलायला चटपटीत.

“पिन लाव ना वो वहिनी,” रक्षा म्हणाली. ती वीरेंद्रची धाकटी बहीण, घरातलं शेंडेफळ. तोंडात पिना धरून ती वहिनीचा पदर चापत होती. “पान्यात उतरल्यावर साडी सुटली त पाटलीणबाई बी हासन.”

“चूप बस, चहाटळ!” रत्नाबाईनं लेकीच्या पाठीत धपाटा घातला. पण तिचं तिलाच हसू आलं. सुनेकडं पाहून तिचा जीव सुपाएवढा झाला होता. आपल्याला जे मिळालं नाही ते आपण सुनेला देऊन राहिलो, याचा केवढा तोरा होता तिला!

ताराचंद तेवढा सकाळपासून घुम्यासारखा होता. ओसरीतून आत, आतून ओसरीत. “गुडघ्याची गोळी घे ना एखांदी,” तो मध्येच म्हणाला. “तूच जाय ना खाली. पायऱ्या त चार हायेत.”

“तुमीच उतरा मंग,” रत्नाबाई फणकारली. “पोरीची हौस पाहवून नाई राहिली का तुमाले?”



तेवढ्यात अंगणात ऑटो थांबला. आसगावची सुशीलाबाई आली होती.

ही एक दरसालची कटकट. आसगावचं हे एक घर पाळपूजेच्या दिवशी न चुकता एक लुगडं घेऊन यायचं. आधी डोमा म्हातारा यायचा, आता त्याची सून सुशीलाबाई. लुगडं तळ्याच्या तुडमापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या जुन्या दारापाशी ठेवायचं, हात जोडायचे आणि आल्या पावली परत. जुन्या काळी या घराच्या जमिनी कसणारी ही रयत असेल, मालकाला मान आणून देते, असंच रत्नाबाई धरून चालली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण दुसरं काय असणार? राग एवढाच यायचा की ही बाई घोटभर पाणीसुद्धा प्यायची नाही. चहा नाही, पोहे नाही, परत देऊ केलेलं खण-नारळसुद्धा नाही. रयत असून केवढी ती घमेंड!

“या, बसा,” रत्नाबाई आज खुशीत होती. “यंदा तरी चहा घ्या. आमची नवी सून हाये, तिच्या हातचा घ्या.”

सुशीलाबाई उंबऱ्याच्या बाहेरच टेकली. साठीची बाई, उन्हानं रापलेली, मांडीवर हिरव्या लुगड्याची घडी. तिनं रिताकडं पाहिलं. साडी पाहिली, हातातला हिरवा चुडा पाहिला, पाटावर ठेवलेला घट पाहिला.

“लगन कदी झालं पोरीचं?”

“वैशाखात.”

“अन् हे घट घेऊन चालली?” सुशीलाबाई ताडकन उठली. लुगडं मांडीवरून खाली पडलं, त्याचंही भान तिला राहिलं नाही. “पाटलीण, तुमाले काही लाजशरम हाये का नाई? दुसऱ्यांदा तेच?”

रत्नाबाईच्या तोंडाचा आ वासला. तिच्याच दारात येऊन तिलाच लाजशरम विचारणारी ही कोण टिकोजीराव?

“दुसऱ्यांदा काय? काय बोलून राहिल्या तुमी?”

“तुमाले ठाऊक नाई?”

“काय ठाऊक नाई?”

सुशीलाबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं. मग तिच्या मागं, ओसरीच्या दारात उभ्या ताराचंदकडं पाहिलं. ताराचंदनं मान खाली घातली.

“जाऊ द्या ना, सुशीलाबाई,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “सनासुदीचा दिवस हाये.”

“सन तुमचा हाये, पाटील. आमच्या घरी आज चूल नाई पेटत.”

आज चूल पेटत नाही? ते तर सुतकाच्या घरी. रत्नाबाई उंबरा ओलांडून बाहेर आली आणि सुशीलाबाईच्या समोर उभी राहिली. “मले समजल असं सांगा. हे लुगडं तुमी कायले आनता?”

“लेकीले आनतो,” सुशीलाबाई म्हणाली.

“कोनाच्या लेकीले?”

“आमच्या. तुमची पाटलीणबाई, ते आमची लेक होय. सासरी असलेल्या लेकीले सनाले माहेरचं लुगडं नाई देत का कोनी?”

रिताच्या हातातली पिन खाली पडली. रत्नाबाई खुळ्यासारखी पाहतच राहिली. रयतेचा मान म्हणून जे लुगडं ती एवढी सालं पाहत आली, ते आहेराचं होतं. आणि ती त्या बाईला दरसाल नाक वर करून खण-नारळ देऊ करत होती, कामवालीला द्यावा तसा!

“अन् पानी?” तिच्या तोंडून कसंबसं निघालं. “पानी काहून नाई पेत तुमी आमच्या घरचं?”

“लेकीले लेकरू होयेपर्यंत माहेरचे लोक तिच्या सासरी अन्नपानी घेत नाई. हे त तुमच्यात बी हाये ना?” सुशीलाबाई म्हणाली. “तिले कुठं लेकरू झालं? मंग आमी कसं पेणार?”

रत्नाबाईनं ओसरीचा खांब धरला. एवढी सालं जी घमेंड समजून ती चरफडत होती, ते हे होतं. हे राम!

रक्षा पुढं आली. “पन मावशी, तिनं त आपल्या मनानं समाधी घेतली ना? गावासाठी?”

“मनानं?” सुशीलाबाई खाली बसली. “पोरी, आमचे मामाजी डोमाजी, त्यायच्या आजीनं त्यायले सांगतलं ते सांगतो. दोन घरं आले होते या जंगलात. तुमचं अन् आमचं. दोघांनी मिळून तळं खोदलं. पाळ काही टिके नाई. भगतानं सांगतलं, पाटलाच्या घरचं मानूस लागते. तुमच्या घरी तवा लगनाच्या दोन पोरी होत्या. पाटलाच्यानं पोटची पोर देववली नाई. मंग त्यानं काय केलं? आमच्या घरी सोयरीक धाडली.”

सुशीलाबाईनं पाळीकडं हात केला.

“आमचे लोक खुश झाले ना! पाटलाचं घर! पोरगी एवढीशी. सकाळी लगन लागलं. लगन लागलं म्हनजे ते घरचं मानूस झाली का नाई? संध्याकाळी हातात घट देला अन् खाली धाडली. मांगं पाहू नको म्हनून सांगतलं. अन् वरून माती लोटून पाळीचं तोंड बुजवलं.” तिनं पदर तोंडाला लावला. “लगनच त्याच्यासाठी केलं होतं, पाटलीण. आमच्या लोकायनं त्या राती गाव सोडलं. आसगावले गेले. पन पोरगी इथंच हाये, मंग लुगडं कसं चुकवावं?”

रत्नाबाईला सगळं आठवलं. मागची खोली, बाहेरची कडी, आणि चंद्रभागाबाईचं ते न बोलणारं तोंड. म्हातारी दुष्टावा करत नव्हती. म्हातारी सुनेला लपवत होती! जन्मभर जिला शिव्या दिल्या, तीच एक आपल्या बाजूनं उभी होती. आणि आपण? आपण आपल्या हातानं सून सजवली, पदराला पिना लावून घेतल्या आणि पाटावर घट मांडून ठेवला.

“खोटं बोलून राहिल्या ह्या,” तिनं ताराचंदकडं वळून म्हटलं. तिला वाटलं, तो आता खेकसेल, त्या बाईला घालवून देईल. तिला तसंच हवं होतं. “सांगा ना, खोटं हाये म्हनून.”

ताराचंद टोपी काढून हातात फिरवत बसला.

“तुमाले ठाऊक होतं?”

“बाबूजीनं सांगतलं होतं,” तो पुटपुटला. “मोठ्या पोराले सांगतेत. लगनाची हयद लागते त्या दिवशी. रीत हाये तशी.”

“मोठ्या पोराले?” रत्नाबाईनं विचारलं. “म्हनजे वीरूले...”

वीरेंद्र नेमका तेव्हाच आत आला. पांढरा कुडता, कानाला फोन. “आई, पाहुणे निघाले लाखनीहून. रिता, झालं का तुझं?” मग त्याचं लक्ष सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं गेलं. त्यानं फोन खाली घेतला.

“तुले हयदीच्या दिवशी बाबूजीनं काय सांगतलं रे?” रत्नाबाईनं विचारलं.

त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं सुशीलाबाईकडं पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “ते होय? आई, ते जुन्या काळातलं. खरं कितीक, खोटं कितीक, कोनाले ठाऊक?”

“तुले ठाऊक होतं अन् तू बायकोचा फोटो छापला? घट सोडतानी?”

“त काय झालं? कोनी बुडवून राहिलं का तिले? चार पायऱ्या, घोटाभर पानी. गावासमोर एक कार्यक्रम हाये. आता ऐन वेळी तमाशा करता का?” तो रिताकडं वळला. “तू मनावर घेऊ नको. हे अंधश्रद्धा हाये सगळी.”

रिता त्याच्याकडं पाहत होती. हातातला चुडा ती एकसारखा मागं-पुढं करत होती.

“अन् शिळेवर काय लिवलं?” रत्नाबाईचा आवाज चढला. “घरची लक्ष्मी देली म्हनून! कोनाच्या घरची रे? लाज नाई वाटली?”

“सून म्हनजे घरचीच ना!” ताराचंद एकदम बोलला. जणू हेच वाक्य त्यानं जन्मभर धरून ठेवलं होतं. “लगन झालं का पोरगी सासरची. मंग देली त आपल्याच घरची देली. त्याच्यात खोटं काय हाये?”

रत्नाबाईला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. चाळीसेक सालं या माणसाच्या ताटात वाढलं. याच्या आईचं दुखणं काढलं. याच्या घराच्या मोठेपणाच्या गोष्टी माहेरी जाऊन सांगितल्या. मी बी घरचीच की!

पाळीकडून डफडं वाजायला लागलं. लाऊडस्पीकरवर कोणीतरी ताराचंद पाटलांच्या घराण्याचं नाव घेत होतं, गावावरच्या त्यांच्या उपकारांचं सांगत होतं. वीरेंद्रचा फोन पुन्हा थरथरला.

“आई, आपन घरात मंग बोलू,” तो काकुळतीला आला. “आता निंगा. फक्त पूजा हाये. काही होत नाई कोनाले.”

“काही होत नाई ना?” रत्नाबाईनं विचारलं.

“नाई होत.”

“तुमी बी सांगा,” ती ताराचंदला म्हणाली. “काही होत नाई ना?”

“कायचं होते? तू बी ना!”

“बरं.” रत्नाबाईनं डोळे पुसले. आत येऊन पाटावरचा घट उचलला. तांब्याचा जड घट, हळदी-कुंकवानं माखलेला, वर आंब्याची पानं. “मी पूजा मोडत नाई. पाहुण्यायची फजिती नको. पन माहे गुडघे गेले, अन् रिताले वरीस झालं नाई. घरचंच मानूस पायजे ना? हे हाये ना घरची. रक्षा, ये इकडे. घे हा घट.”

“दे ना,” रक्षानं हात पुढं केले. तिला वडिलांचा राग आला होता, भावाचाही आला होता, आणि आईनं काहीतरी मार्ग काढला याचंच तिला बरं वाटलं. “मी जातो. त्यात काय मोठं?”

“नाई!”

ताराचंद उठून उभा राहिला होता. टोपी खाली पडली होती. त्यानं दोन ढांगांत येऊन रक्षाच्या हातून घट हिसकावला. पानं गळून पडली आणि पाणी त्याच्या धोतरावर सांडलं.

“रक्षा नाई जाणार.”

“काहून?” रत्नाबाईनं विचारलं.

“नाई म्हनलं ना!”

“पन काहून? काही होत नाई ना कोनाले?”

“ते...” ताराचंदला दम लागला होता. “ते लेक हाये माही.”

बोलून गेला आणि तिथंच थबकला. आपण काय बोललो ते त्याला त्याच्याच कानांनी ऐकू आलं. वीरेंद्रनं तोंड दुसरीकडं फिरवलं. उंबऱ्याबाहेर सुशीलाबाई खाली पडलेलं लुगडं उचलून झटकत होती, तिचा हात थांबला. रक्षा बापाकडं पाहत राहिली. लाडाची लेक होती ती, पण आपल्यावरच्या बापाच्या मायेची तिला त्या क्षणी भीती वाटली.

“म्हनजे... तसं नाई मले म्हनाचं,” ताराचंद घट छातीशी धरून म्हणाला.

रिता इतका वेळ आरशाजवळून हलली नव्हती. तिनं पदराची पिन काढली आणि चालत सासऱ्याच्या पुढ्यात आली. तिचा आवाज अगदी शांत होता.

“अन् मी, बाबूजी?”

ताराचंदनं रत्नाबाईकडं पाहिलं. कुठंही अडला की तो तिच्याकडंच पाहायचा. रत्नाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी चार पावलं टाकून सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि तीही त्याच्या उत्तराची वाट पाहू लागली.